चिखलात खरंच चालेल अशी जुनी छोटी एसयूव्ही, नागपूर, आठ-साडेनऊ लाखांत: काय घ्यावं?

पांदणवाला

नमस्कार मंडळी. राहायला मनीषनगर, नोकरी मिहानमध्ये आणि वावर काटोल तालुक्यात. संत्र्याची बाग आहे, आंबिया बहार घेतो. म्हणजे फवारण्या, खतं, गळ पाहणं हे सगळं भर पावसाळ्यात. डांबरी सोडून आत वळलं की पांदण सुरू होते. काळी माती, मध्ये एक नाला. नाल्यावर रपटा आहे, पण त्याच्या दोन्ही तोंडांचा भराव दर पावसाळ्यात वाहून जातो. आतापर्यंत स्विफ्ट डांबरीवर ठेवायची आणि पुढे पायी किंवा शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर, असं चालू आहे.

आता घरात एकच गाडी ठेवायची आहे. तीच रोज मिहानला जाईल, आई-बाबांना घेऊन लांबच्या प्रवासाला जाईल आणि वावरातही पोचेल. आकार आटोपशीर हवा, कारण सोसायटीच्या पार्किंगमध्ये खांब आहे आणि खांबापलीकडे राहणारे काका टेप घेऊनच बसलेले असतात. बजेट आठ, फार ताणलं तर साडेनऊ लाख. डोक्यात डस्टर एडब्ल्यूडी (म्हणजे चारही चाकांना ताकद जाणारी), जिम्नी, कंपास आणि थार आहेत. घरचे ब्रेझा सुचवून राहिले.

ज्यांनी स्वतःची गाडी चिखलात घातली आहे त्यांनी लिहा. रील पाहून झाले आहेत.

तर्री_पोहा

ब्रेझा घे आणि उरलेल्या पैशात रपटा बांधून टाक.

डबलक्लच

तर्रीभाऊ, अर्धं खरं बोललात. पाणंद रस्त्याचं खडीकरण झालं तर या धाग्याची गरजच उरत नाही, तेव्हा ग्रामपंचायतीत पाणंद रस्ते योजनेसाठी अर्ज टाकून ठेवाच. रस्ता होईपर्यंत मात्र गाडी पाहू.

आधी एक गोंधळ मिटवतो. डीलरच्या आवारात 'एसयूव्ही' म्हणून जे उंच-उंच उभं असतं, त्यातलं बहुतेक सगळं फक्त पुढच्या दोन चाकांवर चालतं. ब्रेझा, नेक्सॉन, व्हेन्यू, इकोस्पोर्ट, क्रेटा, कुठलंही मॉडेल घ्या, मागचं चाक नुसतं मागे मागे फिरतं. टेरानो ही डस्टरचीच बहीण, पण आपल्याकडे तिला एडब्ल्यूडी कधी मिळालीच नाही. कंपासची पेट्रोल गाडी फ्रंट व्हील ड्राइव्हच आहे, आणि डिझेलमध्येही टू-व्हील ड्राइव्ह पुष्कळ विकल्या गेल्या. थारसुद्धा जानेवारी २०२३ पासून रिअर व्हील ड्राइव्हमध्ये मिळायला लागली. तेव्हा नुसतं 'थार आहे' यावर जाऊ नका, गिअरच्या शेजारी दुसरा छोटा दांडा आहे का ते पाहा.

डस्टरमध्येही तेच. १०० पैकी किती एडब्ल्यूडी ते सांगता येणार नाही, पण रस्त्यावर दिसतात त्यातल्या थोड्याच. मागचा बॅज कोणीही चिकटवतो, म्हणून डिकी उघडा. एडब्ल्यूडीत स्टेपनी डिकीच्या आत असते, साध्या डस्टरमध्ये खाली लटकलेली. आणि आत टूडब्ल्यूडी, ऑटो, लॉक असा फिरवायचा खटका हवा. एएमटीवाली, म्हणजे क्लच पेडल नसलेली, डस्टर कोणी एडब्ल्यूडी म्हणून दाखवली तर चहा पिऊन परत या, तशी गाडी निघालीच नाही.

मृगाचा_पाऊस

माझ्याकडे जिम्नी आहे, मॅन्युअल, २०२३ ची. माहेर उमरेडच्या पुढे, तिथे पावसाळ्यात तीच नेते. वावरात जाण्यापुरतं बोलायचं तर तुमच्या यादीत तिला तोड नाही. लॅडर फ्रेम (ट्रकसारखी वेगळी चौकट), लो रेंज (हळू पण जास्त ताकदीनं चालायचे जादा गिअर), २१० मिमी ग्राउंड क्लिअरन्स, आणि मुख्य म्हणजे वजन बाराशे किलोच्या आसपास. काळ्या मातीत वजन कमी असणं ही अर्धी लढाई आहे. थार तिथे रुतते आणि ही वरून निघून जाते, हे मी आमच्याच धुऱ्यावर पाहिलं आहे. अर्थात थारवाल्याचे टायर गुळगुळीत होते हेही सांगायला हवं.

पण तुम्हाला एकच गाडी ठेवायची आहे, म्हणून दुसरी बाजूही सांगते. मागच्या सीटवर आई-बाबा बसतील, सामान मात्र बसणार नाही. डिकी २०८ लिटर, म्हणजे दोन बॅगा आणि एक पिशवी. १.५ पेट्रोल इंजिन साधंसुधं, टिकाऊ आहे, पण समृद्धीवर १२० ला नेलं की आवाज करतं आणि पेट्रोल पितं. आणि बजेट. जुन्या जिम्नीचे भाव साडेनऊच्या वरच ऐकते आहे. नवीन असताना कंपनीने मोठ्या सवलती दिल्या होत्या, त्या आठवून विकणाऱ्याशी बोला. एक्स-शोरूमचा आकडा दाखवून तो किंमत सांगेल, त्यानं प्रत्यक्षात कितीला घेतली ते बिल मागा.

रपटा

जिप्सी कोणी सुचवली नाही अजून? नागपुरात राहून?

सावनेरी

जिप्सी मनातली गाडी आहे, मान्य. पण एकुलती एक गाडी म्हणून आई-बाबांना मे महिन्यात जिप्सीत बसवणार का? आणि पेंच-ताडोब्याच्या सफारीतून निवृत्त झालेल्या जिप्सींपासून सावध. त्या फर्स्ट-सेकंडमध्येच आयुष्य काढतात, दगडी रस्त्यावर रोज दोन पाळ्या. पाट्यांचे बुश, स्टिअरिंग बॉक्स, मागचा फ्लोअर सगळं खाल्लेलं असतं, आणि पिवळ्या पाटीची गाडी खासगीत करायला आरटीओचे हेलपाटे वेगळे.

आता मुद्द्याचं. माझ्याकडे डस्टर एडब्ल्यूडी आहे, आणि तुमच्या कामाला तीच बसते असं माझं ठाम मत. १.५ डिझेल, ११० पीएस, सहा गिअर. लो रेंज नाही, पण पहिला गिअर मुद्दाम इतका आखूड दिलाय की रपट्याच्या चढावर अ‍ॅक्सिलरेटर न देता गाडी आपली आपण चालत राहते. शहरात मी दुसऱ्यावरच उचलतो. मागे इंडिपेंडंट सस्पेन्शन आहे, साध्या डस्टरला ते नाही. त्यामुळे खड्ड्यातून गाडी अशी जाते की मागे बसलेल्याला पत्ता लागत नाही. आई-बाबांचा विचार करता हे फार मोठं आहे.

लांबी ४३१५ मिमी आहे, खांबवाल्या काकांना आधीच सांगून ठेवा. जिम्नी आणि थार दोन्ही ३९८५.

उणिवा: इंटिरिअर जुनाट, स्टिअरिंग जड, क्लच आणखी जड. रेनॉने इथे डिझेल बीएस-सिक्स या प्रदूषण नियमांच्या वेळी बंद केलं, म्हणजे सर्वांत नवी एडब्ल्यूडी मिळाली तरी ती एप्रिल २०२० च्या आधीचीच. इंजिनाचे पार्ट मिळतात, कारण तेच १.५ डिझेल निसानच्या गाड्यांतही होतं. एडब्ल्यूडीचे खास पार्ट, म्हणजे मागचं कपलिंग (मागच्या चाकांना ताकद जोडणारा क्लच), प्रोपेलर शाफ्ट, मागचे आर्म, हे मागवावे लागतात आणि थांबावं लागतं.

डबलक्लच

सावनेरीभाऊंशी बहुतांशी सहमत, पण लो रेंजचा विषय इतक्या पटकन सोडू नका.

डस्टर, कंपास, आताची ग्रँड व्हिटारा ऑलग्रिप आणि तिची टोयोटावाली बहीण हायरायडर, या सगळ्यांत मागच्या चाकांना ताकद एका क्लच पॅकमधून जाते. पुढची चाकं घसरली की कॉम्प्युटर तो क्लच दाबतो. लॉक केलं तर दाबूनच ठेवतो. ओल्या गवतावर, मुरमावर, वाळूच्या छोट्या पट्ट्यात हे मस्त चालतं. पण चिकट चिखलात पाच-सात मिनिटं चाकं फिरवत बसलात तर क्लच तापतो, आणि ठराविक तापमानानंतर सिस्टिम स्वतःला वाचवायला मागची ताकद सोडून देते. नेमकं तेव्हाच, जेव्हा तुम्हाला ती हवी असते. जिम्नी, थार, जिप्सीत ट्रान्सफर केस (पुढे-मागे ताकद वाटणारा डबा) दात्यांची आहे. तिथे तापायला काही नाही.

कंपास ट्रेलहॉक २०१९ मध्ये आली, तिच्यात नऊ गिअरचा ऑटोमॅटिक आहे आणि २०:१ चा क्रॉल रेशो, म्हणजे गाडी रांगत जाईल इतका आखूड गिअर, मिळतो, म्हणून ती या गटात वेगळी. साडेनऊमध्ये चांगली ट्रेलहॉक मिळणं मात्र कठीण. साधी डिझेल फोर बाय फोर मॅन्युअल मिळेल, १७३ पीएस, हायवेला राणी. पण सस्पेन्शनचं आणि क्लचचं काम निघालं की बिल पाहून जीव जातो.

आणि एक जुनं नाव: २००७ पासून मारुतीने जी आयात ग्रँड व्हिटारा विकली ती. पूर्णवेळ फोर बाय फोर, सेंटर डिफ लॉक (पुढची-मागची चाकं एकत्र जखडणारं), लो रेंज, आणि तरी आतून कारसारखी. 'छोटी क्रॉसओव्हर, पण खरी ऑफ-रोडर' याचं तिच्याइतकं चोख उदाहरण आपल्याकडे नाही. आताच्या ग्रँड व्हिटाराशी तिचं नावापलीकडे काही नातं नाही. मात्र इंजिन पेट्रोल, सुरुवातीला २.० आणि पुढे २.४, मायलेज विचारू नका. शिवाय सुरुवातीच्या गाड्यांची १५ वर्षं झालेली आहेत, म्हणजे पुन्हा पासिंग, पर्यावरण कर आणि दर पाच वर्षांनी तीच रांग.

तर्री_पोहा

म्हणजे मूळ प्रश्न काय होता? हा. नाला. एक नाला आहे हो त्यांचा. हिमालयात नाही चालले ते.

हिंगण्याचा_मिस्त्री

भाऊ, मी गाड्या दुरुस्त करतो, विकत नाई, म्हणून सरळ सांगतो. तुमी कोणती गाडी घेता यापेक्षा कोणाची घेता ते पाहा. डस्टर एडब्ल्यूडी, कंपास, दोन्ही माह्याकडे येतात. लोक लाखभर किलोमीटर चालवतात अन् मागच्या डिफचं (मागच्या चाकांमधल्या गिअरच्या डब्याचं) तेल एकदाबी बदलत नाईत. 'मागचं तेल असते का?' असं विचारणारे पण पाहिले.

पाहाले जाल तं सकाळी जाजा, इंजिन गार असतानी. फोन करून आधी चालू करून ठेवजो म्हणत असन तं समजून जाजा. गार इंजिनवर डिझेलचे इंजेक्टर बोलतात, गरम झाल्यावर गप बसतात. डस्टरचा टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागा. बिल नाई तं बदलला नाई असं धरून पैसे कमी करा. बेल्ट तुटला तं व्हॉल्व्ह अन् पिस्टन भेटतात एकमेकांना, मंग इंजिन खोललंच समजा.

मंग चारी टायर पाहा. एकाच कंपनीचे, एकाच साइजचे, सारखेच घासलेले पायजेत. एडब्ल्यूडीत दोन नवे, दोन घासलेले टायर टाकले तं पुढचं-मागचं चाक वेगवेगळं फिरते अन् मागचं कपलिंग उगाच काम करून राहते. तसंच हजारो किलोमीटर चालवली असन तं कपलिंग गेलं समजा. कोणी चार वेगवेगळ्या कंपनीचे टायर लावून गाडी विकाले ठेवली असन तं त्याले एडब्ल्यूडी म्हणजे काय तेच मालूम नव्हतं.

आता खरी टेस्ट. डांबरीवर काही कळत नाई. कच्च्या मैदानात न्या, लॉक टाका, स्टिअरिंग पूर्ण वळवून हळूहळू गोल फिरवा. मागून कोणी ओढून धरल्यासारखी गाडी अडली पायजे. अडली तं कपलिंग पकडते. लॉक टाकूनबी लोण्यासारखी फिरली तं मागं काही जात नाई. हे डांबरीवर करू नका, उगाच ताण येते. फिरतानी पुढून 'कट कट कट' आवाज आला तं सीव्ही जॉइंट, म्हणजे चाकाजवळचा शाफ्टचा सांधा, गेला. मंग लिफ्टवर घ्या. शाफ्ट हातानं हलवून पाहा, मधल्या बेअरिंगले खेळ आहे का. कपलिंगच्या वायरिंगचं सॉकेट पाहा. चिखल बसून त्यात पाणी जाते अन् लाइट लागते. विकणारा ती लाइट स्कॅनरनं मिटवून आणते, पण दहा-पंधरा किलोमीटर चालवली का परत येते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह चौकापर्यंत घेऊ नका. आउटर रिंग रोडले काढा.

जिम्नी-थारची टेस्ट सोपी. गाडी उभी करून लो टाका. खटकन पडलं पायजे. दांडा जाम असन तं कधी वापरलाच नाई. ते वाईट नाई, पण ट्रान्सफर केसचं तेल तसंच पडलं असन.

पांदणवाला

मिस्त्रीदादा, हे छापून खिशात ठेवतो. रविवारी तुमच्या लिफ्टवर गाडी आणली तर चालेल का? खासगी निरोप पाठवतो.

हिंगण्याचा_मिस्त्री

रविवारी दुपारपर्यंत उघडं असते. आणा.

अंबाझरीकर

एक गोष्ट कोणीच लिहिली नाही, आणि नागपुरात जुनी गाडी घेताना हीच पहिली पाहायला हवी. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीत शिरलं. आमच्या गल्लीत गाड्यांच्या काचेपर्यंत पाणी होतं. त्यातल्या कित्येक विम्याने टोटल लॉसमध्ये काढल्या, लिलावात गेल्या, आणि कुठेतरी दुरुस्त होऊन बाजारात आल्या. काही परत नागपुरातच.

धुऊन-पुसून शॅम्पूचा वास मारलेल्या गाडीत हे कळत नाही. माझ्या भावाला शहरातल्या एका डीलरने अशीच एक दाखवली होती, आतून नव्यासारखी. मी मागचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढला. वरचा हातभर पट्टा काळाभोर, आणि आत गुंडाळून राहतो त्या भागावर एका सरळ रेषेपासून पुढे मातकट रंग. बेल्ट कोणी पूर्ण ओढून धूत नाही. मग सीट पुढे सरकवली, तर रेलच्या बोल्टांवर गंज. डॅशबोर्डखालच्या फ्यूज बॉक्सच्या झाकणात बोट फिरवलं, बोटाला बारीक गाळ आला. डीलर म्हणाला, 'सर, कच्च्या रस्त्यानं येते ना धूळ.' धूळ कोरडी असते.

आपल्या विषयाला हे जास्त लागू आहे, कारण उंच गाडीत लोक पाणी पाहून थांबत नाहीत. पुरात न सापडलेली गाडीही एखाद्या रपट्यावर पाणी पिऊन आलेली असू शकते. डिफचं तेल काढून पाहा. दुधाळ दिसलं की आत पाणी गेलेलं.

सावनेरी

अंबाझरीकर, जबरदस्त मुद्दा. शेवटच्या ओळीला दहा वेळा सहमत. डिफच्या ब्रीदरचं (हवा जायच्या नळीचं) तोंड बुजलेलं असलं की गरम डिफ थंड पाण्यात गेल्यावर सील ओलांडून पाणी ओढतं.

मेडिकल_चौक

दिल्लीच्या गाड्या पाहा की. दहा वर्षांवरच्या डिझेलवर तिथे बंदीचा घोळ चालू असतो, म्हणून स्वस्त मिळतात. माझ्या मित्राने कंपास आणली, भावात भयंकर फरक.

डबलक्लच

भावातला फरक इथे आल्यावर भरून निघतो. एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेलला मनाई आधी हरित लवादाने २०१५ मध्ये केली, २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली. पुढेही आदेश बदलत राहिलेत. म्हणून तिकडे दहाच्या जवळ आलेली गाडी घाईनं विकतात, बरोबर. पण तिकडून एनओसी आणायची, इथे नोंदणी करायची आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरायचा. आपल्याकडे डिझेलवरचा टॅक्स हलका नाही. तिकडचा टॅक्स परत मिळतो म्हणतात, तो आणायला तुम्हीच दिल्लीला जा. बरं, लोन असेल तर बँकेचं ना-हरकत आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी. मला विचाराल तर एमएच ३१, ४०, ४९ नाहीतर शेजारची ३२, ३४, ३६ यातलीच पाहा. गाडी कुठे चालली, कुठे सर्व्हिस झाली, एका दिवसात जाऊन विचारता येतं.

चिखलफेक

सगळे गाडीवर भांडून राहिले, टायरवर कोणी बोलत नाही. काळ्या मातीत टू-व्हील ड्राइव्ह आणि फोर-व्हील ड्राइव्ह दोन्ही रुततात, जर टायर हायवेचे असतील. आपली माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायरचा लाडू होतो. मग चारही चाकं फिरली काय आणि दोन फिरली काय. एटी (ऑल-टेरेन, खोल खाचांचे) टायर टाका आणि मग बोला.

मृगाचा_पाऊस

एटी टायरही काळ्या मातीत भरतोच, चिखलफेक. मुरमावर, वाळूत, दगडात त्याचा फरक कळतो. आपल्या चोपण चिखलात दोन गोष्टी उपयोगी पडतात: हवा कमी करणं, आणि न थांबणं. मी वळणाआधी पांदणीच्या तोंडाशी हवा वीसच्या आसपास आणते, डांबरीवर परत आल्यावर कॉम्प्रेसरनं भरते. छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर ही सगळ्यात स्वस्त ऑफ-रोड अ‍ॅक्सेसरी आहे. कमी हवेवर डांबरीवर वेगानं जाऊ नका एवढंच.

चिखलफेक

ताई, हवेबाबत मान्य. पण बुळबुळीत टायरवर कितीही हवा काढा.

डबलक्लच

दोघांचंही बरोबर असून भांडण चालू ठेवण्याची ही आपली परंपरा जपली जावी. जुन्या गाडीत टायरची तारीख मात्र नक्की वाचा. साइडवॉलवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. '२३१८' म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. खाचा भरपूर दिसल्या तरी नागपूरच्या ४५ अंशात सहा-सात वर्षं काढलेलं रबर कडक होतं, साइडवॉलवर बारीक भेगा येतात. तसा टायर घेऊन समृद्धीवर मे महिन्यात जाऊ नका. नवे चार टायर किमतीतूनच वजा करून मागा.

अवांतर: बुलबार, लिफ्ट किट, छतावर दिव्यांची रांग, अशा सजवलेल्या गाड्यांपासून लांब राहा. बुलबारला २०१७ पासून मनाई आहे. आणि मालकाने एवढी हौस केली आहे म्हणजे गाडीने काय काय भोगलं असेल याचा अंदाज करा. तुम्हाला कंटाळवाण्या मालकाची फोर बाय फोर हवी. बँकेतून निवृत्त, गाडी धुऊन झाकून ठेवणारा, लॉकचा खटका कधीच न फिरवलेला.

पांदणवाला

अपडेट. तीन गाड्या पाहिल्या.

पहिली कंपास, डिझेल. जाहिरातीत फोर बाय फोर, मागे बॅजही होता. आत सीटच्या मध्ये मोडचा खटकाच नाही. डीलरला विचारलं तर म्हणाला, 'सर, ऑटोमॅटिक लागते, दिसत नाही.' डबलक्लचभाऊंची आठवण काढून बाहेर आलो, चहासुद्धा न पिता.

दुसरी जिम्नी, वर्ध्याची, एमएच ३२. गाडी हिरा. बाबा मागे बसले, म्हणाले बसायला चांगली आहे. आईने डिकी उघडली आणि एवढंच म्हणाली, 'संत्र्याची क्रेट कुठं ठेवशील?' विकणारा दहाच्या खाली येत नव्हता.

तिसरी डस्टर एडब्ल्यूडी, २०१६, एमएच ४०, दुसरा मालक, कळमेश्वरकडचे शिक्षक. ९० हजारांच्या पुढे चालली आहे, सर्व्हिसच्या नोंदी जुळतात. सहा मागत होते. मिस्त्रीदादांच्या लिफ्टवर नेली, पुढचं त्यांनीच सांगावं.

हिंगण्याचा_मिस्त्री

गाडी चांगली आहे. मैदानात लॉक टाकून फिरवली, चांगली अडते. शाफ्ट, जॉइंट ठीक. मागचं तेल काळं होतं पण दुधाळ नाई. सीट बेल्ट ओढून पाहिला, अंबाझरीकरांचं ऐकून. स्वच्छ. क्लच शेवटाले आला आहे, चौथ्यात चढावर रेस दिली तं आवाज वाढते, गाडी वाढत नाई. टायमिंग बेल्टचं बिल नाई. खालच्या आर्मचे बुश चिरलेले, नागपूरच्या उन्हात ते सगळ्यांचेच चिरतात. टायर चारी एकाच कंपनीचे पण २०१८ चे.

म्हणून गुरुजीले म्हटलं, क्लच, बेल्ट, बुश, टायर, चार गोष्टीचे पैसे काढा. गुरुजी हिशोबाले पक्के, पण मानले.

सावनेरी

किती?

पांदणवाला

चार लाख ८० हजार. टोकन दिलं. क्लच, बेल्ट, बुश लगेच करून घेतोय, टायर २१५/६५ आर१६ मध्ये एटी पाहतोय. सगळं धरून बजेटच्या बरंच आत. पार्किंगच्या काकांनी टेप आणला होता, खांबापासून एक वीत उरते.

मेडिकल_चौक

अभिनंदन! पण पुढची रेनॉ आली की जुनीचे भाव पडतील.

सावनेरी

भाव पडो की चढो, त्यांना विकायची आहे कुठे.

डबलक्लच

अभिनंदन. कागदांचं लांबवू नका. गाडी जिल्ह्यातच राहणार असली तरी मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर दोघांच्या सह्या टोकनच्या वेळीच घेऊन ठेवा. विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. आरसीवर बँकेचा बोजा दिसत नाही ना ते 'वाहन' या सरकारी साइटवर तपासा. लोन फिटलं तरी बोजा उतरवलेला नसतो, हे फार होतं. आणि विमा. गुरुजींचा नो क्लेम बोनस गुरुजींसोबत जातो, गाडीसोबत येत नाही. पॉलिसी नावावर करताना तो फरक तुम्हाला भरावा लागेल, तेव्हा विमावाल्याने आकडा सांगितला की दचकू नका. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट लागली आहे का? २०१९ च्या आधीची गाडी आहे, नसेल तर गुरुजींकडूनच लावून घ्या.

पांदणवाला

प्लेट लागलेली आहे. बोजा तपासतो. शेवटचा प्रश्न: रुतलीच तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आहे, पण तो साखळी कुठेही अडकवतो. डस्टरला पुढून कुठे बांधायची?

हिंगण्याचा_मिस्त्री

टो हुकाची जागा गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिली आहे, आधी घरी पाहून ठेवा, चिखलात शोधत बसू नका. आर्मले, बंपरले, शाफ्टले साखळी बांधू देऊ नका. आर्म वाकला तं अलाइनमेंट कधी बसत नाई. साखळीपेक्षा जाड पट्टा घ्या. ट्रॅक्टरवाल्याले सांगजा झटका देऊ नको, पट्टा ताणून घे अन् मंग क्लच हळू सोड. तुमी आत बसून लॉक टाका, पहिला गिअर, चाकं सरळ. अन् पट्ट्याजवळ कोणाले उभं राहू देऊ नका.